मिरजेतील दोन रात्री

दक्षिण महाराष्ट्रात किंवा लगतच्या कर्नाटकात एखाद्याला ‘मिरजेला नेले’ असे कळले, तर ऐकणारा ‘कशासाठी?’ असे विचारीत नाही, ‘कोणत्या दवाखान्यात?’ एवढेच विचारतो. डॉ. विल्यम वॉन्लेस या मूळच्या कॅनडातील मिशनरी शल्यचिकित्सकाने 1894 मध्ये येथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून हे संस्थानी गाव आजाऱ्यांचे गाव झाले. पुढे 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज रेल्वे जंक्शनवर कुडची, रायबाग, घटप्रभेकडून येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात एक्स-रेची मोठी पाकिटे दिसतात. स्टेशनापासून दवाखान्यांपर्यंतच्या रस्त्यांवर औषधांची दुकाने, लॉज, खानावळी आणि फळांच्या गाड्या यांची दाटी असते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मराठीइतकीच कन्नडही ऐकू येते.

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी अण्णा यांनी हा रस्ता आयुष्यात शेकडो वेळा तुडविला होता. सांगली ते मिरज हे अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे. कोणाला भेटायला, कोणाला डबा पोचवायला, कधी देणगीचा धनादेश द्यायला ते येत. स्वतः रुग्ण म्हणून मात्र ते अडुसष्टाव्या वर्षी प्रथमच आले. हर्नियाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांच्या दृष्टीने लहानशी. दोन रात्रींचा मुक्काम, तिसऱ्या दिवशी घरी.

दिवस भाद्रपद पौर्णिमेचा होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, दशलक्षण पर्वाची सांगता. अण्णांनी चतुर्दशीचा उपवास केला होता आणि पौर्णिमेला सकाळी पारणे करून ते गाडीत बसले. मिरजेची गणेश विसर्जन मिरवणूक प्रसिद्ध आहे. चतुर्दशीला निघालेली मंडळे दुसऱ्या दिवशीही गणेश तलावाकडे सरकत असतात. रस्त्यांवर स्वागत कमानी उभ्या, गुलालाचा चिखल झालेला, काही रस्ते बंद. गाडी वळसे घेत दवाखान्यापाशी पोचली, तेव्हा दुपार झाली होती.

स्वतंत्र खोली मिळेल असे मुलाने गृहीत धरले होते. पण सर्व खोल्या भरल्या होत्या. आठ खाटांच्या सामान्य विभागात एक खाट मोकळी होती. मुलगा फोन करून ओळखी काढू लागला. अण्णांनी त्याला थांबविले. “दोनच रात्री काढायच्या आहेत. दशलक्षणात दहा दिवस जमिनीवर चटई टाकून झोपलो, ही तर खाट आहे,” असे ते म्हणाले. या बोलण्यात थोडा अभिमान होता, हे त्यांना नंतर जाणवले.

सिस्टरने त्यांच्या बोटातील अंगठी काढून मुलाच्या हाती दिली. मग घड्याळ, चष्म्याची साखळी, खिशातले पाकीट. अंगावरचे धोतर जाऊन मागे नाड्या बांधायचा हिरवा झगा आला. मनगटावर नावाची पट्टी बांधली गेली आणि त्या क्षणापासून पेढीवरचे अण्णा ‘पाच नंबरचे आजोबा’ झाले. घर, पेढी, वस्त्र, अलंकार, नाव. मुनिदीक्षेच्या वेळी जे जे सुटते, त्यातले बरेच काही अर्ध्या तासात सुटले होते. अण्णांना हे साम्य सुचले आणि बरेही वाटले.

सूनबाईने आणलेली मूगडाळीची खिचडी त्यांनी सूर्यास्तापूर्वी खाल्ली. दवाखान्याचे जेवण साडेसातला येत असे. ते त्यांना चालणारे नव्हते. मध्यरात्रीपासून पाणीही घ्यायचे नाही, असे सिस्टरने सांगितले व खाटेच्या पायाशी ‘उपाशी’ असा पुठ्ठा अडकविला. अण्णा हसले. रात्रिभोजनत्याग असलेल्या माणसाला त्यात काय अवघड! पण रात्री अकराच्या सुमारास घसा कोरडा पडला आणि त्यांची चिडचीड होऊ लागली. आदल्या दिवशी चतुर्दशीच्या उपवासात हीच तहान होती, तेव्हा मन प्रसन्न होते. आज तीच तहान शिक्षेसारखी वाटत होती.

याचे उत्तर त्यांना ठाऊक होते, कारण दरवर्षी पर्वाच्या दहा दिवसांत ते मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक याप्रमाणे ऐकत आले होते. सहाव्या अध्यायात अकामनिर्जरेचा उल्लेख येतो. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत तिचे स्पष्टीकरण करताना बंदिवानाचे उदाहरण घेतले आहे. बेड्यांत जखडलेला माणूस भूक सोसतो, तहान सोसतो, जमिनीवर निजतो, अंगावरचा मळ सहन करतो; पण हे त्याने स्वेच्छेने पत्करलेले नसते. अशा सोसण्यानेही काही कर्म झडते, परंतु तो मोक्षाचा मार्ग नव्हे. मुनी आणि बंदिवान यांची बाह्य अवस्था सारखी दिसू शकते. भेद असतो तो पत्करण्यात. हिरवा झगा घालून आपण मुनीच्या जवळ गेलो, असे अण्णांना दुपारी वाटले होते. रात्री कळले, की ते बंदिवानाच्या जवळ होते.

त्यांना वडिलांनी सांगितलेली आठवण आली. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, तेव्हा वडील दर्शनाला गेले होते. दृष्टी मंदावली, पावलाखालचा जीव दिसेनासा झाला, अहिंसाव्रत निर्दोष पाळणे शक्य राहिले नाही, म्हणून महाराजांनी आहार सोडला आणि छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. ‘त्यांच्याकडून कोणी काही काढून घेतले नव्हते, त्यांनी ठेवून दिले होते,’ असे वडील म्हणत. काढून घेतले जाणे आणि ठेवून देणे यांतला फरक त्या रात्री अण्णांना तहानेच्या भाषेत समजला.

झोप येत नव्हती. समोरच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी होती. दिव्याच्या मंद उजेडात त्यांनी ती वाचली आणि ते चकित झाले. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांच्याच पेढीने या विभागातील एका खाटेसाठी देणगी दिली होती. ती ही पाटी. देणगी दिली तेव्हा फोटो काढला होता. नंतर पाटी कुठे लागली हे पाहायला ते कधी आले नव्हते. पाटीखालच्या खाटेवर एक वृद्ध रुग्ण जागा होता. तोही त्यांच्याकडेच पाहत होता.

“मालक, वळखलं न्हाई का?” तो हळूच म्हणाला. “हरिपूरच्या पेवावरचा गडी मी.”

अण्णा उठून बसले. “मामा? तुम्ही?”

हरिपूर हे सांगलीजवळचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. तेथील जमिनीत खोदलेली हळदीची पेवे एकेकाळी व्यापाऱ्यांची तिजोरीच होती. तोंड अरुंद, आत खोल आणि रुंद. वर माती लिंपून बंद केलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी पेवे पाण्याने गेली आणि त्या साठवणुकीचे युग जवळजवळ संपले. पेव उघडणे हे जोखमीचे काम होते. आतली हवा कोंडून विषारी झालेली असे. तोंड उघडून ते बराच वेळ तसेच ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. तो विझला नाही, तरच माणसाने उतरायचे.

मामा अशा कामातले जुने जाणकार. महापुराच्या सात-आठ वर्षे आधी एका दुपारी ते पेवात बेशुद्ध होऊन पडले होते. दोर बांधून वर काढले, तेव्हा खांद्याचे हाड मोडलेले होते. ती दुपार अण्णांना लख्ख आठवत होती. भाव चढला होता, माल त्याच दिवशी रवाना करायचा होता, ट्रक उभा होता. “आटपा लवकर,” असे दोनदा कोण म्हणाले होते, तेही आठवत होते.

“तेव्हा मालकांनी दोन हजार दिलं, म्हणून घर तगलं,” मामा म्हणाले. त्यांच्या स्वरात कुरकुर नव्हती. त्यांचीही हर्नियाची शस्त्रक्रिया दोन दिवसांपूर्वी झाली होती. “आन् आता बगा, थोरल्या मालकांच्या पाटीखाली निजलोय. तुमच्या घरचं देणं हाय मला.”

अण्णांना संकोच वाटला. मनातून थोडे समाधानही. “अहो, ते देणे कसले? ती मदत होती. धर्मादाय खात्यातून दिली होती.”

मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मदत कशी म्हनता मालक? ते फेडलं की मी. पुना कामावर आलो, तवापास्नं दिवाणजी दर आठवड्याला चाळीस कापत हुतं. पन्नास आठवडं. पै न् पै फिटली.”

विभागात कोणीतरी खोकत होते. बाहेर लांबवर अजून एक ताशा वाजत होता. अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला. हिशेब बरोबर होता.

पेढीच्या वह्यांत ते दोन हजार धर्मादाय खात्यात खर्ची पडलेले होते. त्या वर्षीच्या दानाच्या बेरजेत ते धरले गेले होते. पर्वात दानाचा आढावा मांडला गेला, तेव्हा त्यात तेही होते. आणि दुसरीकडे मजुरीच्या खात्यातून तीच रक्कम वसूल होऊन पेढीत परत आली होती. दिवाणजी आता हयात नव्हते. त्यांनी परस्पर कापले, आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हणणे सोपे होते. पण मजुरीच्या वहीवर दर शनिवारी सही अण्णांची असे. ते पाहूनच सही करीत, अशी त्यांची ख्याती होती.

त्या रात्री सातव्या अध्यायातील दानाची व्याख्या त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिली. उपकारासाठी आपल्या मालकीच्या वस्तूचा त्याग म्हणजे दान. व्याख्या लहान आहे आणि ऐकताना लक्ष ‘त्याग’ या शब्दाकडे जाते. खरी अट ‘आपल्या मालकीची’ या शब्दांत आहे. जे दुसऱ्याचे देणे लागते, ते आपल्या मालकीचे नसते. मग त्याचे दान कसे होईल? मामांचा खांदा पेढीच्या घाईपायी मोडला होता. त्याची भरपाई हे देणे होते. ते देणे अण्णांनी दान म्हणून लिहिले आणि नंतर ते दानही परत घेतले. चाळीस वर्षांच्या व्यापारात त्यांनी खोटे वजन-माप कधी ठेवले नव्हते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ते येते, हे ते मुलांना आवर्जून सांगत. तराजू नेहमी बरोबर होता. चूक वहीच्या पानावर झाली होती आणि ते पान धर्माचे होते.

सकाळी दहा वाजता त्यांना शस्त्रक्रियागृहात नेले. पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर झाला. अण्णांचा हात सहज मांडीला लागला आणि ते दचकले. हाताला मांडी कळत होती, मांडीला हात कळत नव्हता. आपलाच पाय एखाद्या परक्या माणसाचा शेजारी ठेवलेला पाय वाटत होता. बारा अनुप्रेक्षांतील अन्यत्व भावना, म्हणजे देह वेगळा आणि आत्मा वेगळा हे चिंतन, त्यांनी असंख्य वेळा म्हटले होते. ते इतके अक्षरशः हाताला लागेल, असे वाटले नव्हते. अर्थात हेही औषधाने घडविलेले अन्यत्व होते. दोन-तीन तासांत उतरणारे. तरीही एक खूण मनात राहून गेली.

नाकावर प्राणवायूचा मास्क बसविला गेला. भूलतज्ज्ञ शेजारी बसून यंत्रावरचे आकडे पाहत होते. प्राणवायू जरासा कमी झाला तरी यंत्र सूचना देणार होते. एका माणसाच्या श्वासाची काळजी घ्यायला चार माणसे जागी होती. अण्णांना पेवाच्या तोंडाशी उभा असलेला कंदील आठवला. तो त्या दुपारी कोणी आत सोडलाच नव्हता.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुपारी शुद्ध विचारांनी ते खाटेवर पडले होते. हा दिवस क्षमावाणीचा होता. दरवर्षी या दिवशी अण्णांच्या नावे छापील क्षमापत्रे जात. अलीकडे मोबाइलवरून एका वेळी तीनशे जणांना संदेश जाई. या वर्षीही मुलाने तो पाठविला होता आणि उलट संदेशांनी फोन सारखा वाजत होता. तीनशे जणांची क्षमा मागून झाली होती. पाच पावलांवरच्या खाटेवरील माणसाची क्षमा मागायची राहिली होती.

उठता येत नव्हते. त्यामुळे जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एकांतात बोलण्याची सोय नव्हती. आठ खाटांच्या विभागात, भेटीला आलेल्या नातेवाइकांसमोर, मोठ्याने बोलावे लागणार होते. बावीस परीषहांत रोग हा एक परीषह सांगितला आहे आणि याचना हाही एक आहे. त्या दुपारी अण्णांना दुसरा अधिक कठीण वाटला.

“मामा,” त्यांनी हाक मारली. “आज आमच्याकडे क्षमा मागायचा दिवस असतो. त्या दिवशी पेवात उतरायची घाई मी केली. कंदील सोडू दिला नाही. आणि तुमच्या मजुरीतून पैसे कापले गेले, त्या वहीवर सही माझी होती. मला क्षमा करा.”

सूनबाई डबा हातात घेऊन दारातच थांबली होती. मुलगा खाली पाहत होता. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक, राग कवाच गेला. पर खांदा आजून दुकतो पावसाळ्यात.” आणि थोड्या वेळाने, “हिसाब करायचा असंल, तर पुरता करा. मला भीक नगं.”

अण्णांना हे उत्तर क्षमेपेक्षाही मोठे वाटले. ‘जाऊ द्या मालक’ असे मामा म्हणाले असते, तर अण्णांच्या खात्यावर आणखी एक उपकार चढला असता. मामांनी त्यांना देणेकरी म्हणून वागविले. दाता म्हणून नव्हे. किती तरी वर्षांनी त्या दोघांत बरोबरीचा व्यवहार झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घरी जाण्याची परवानगी दिली. अंगठी, घड्याळ, पाकीट परत आले. अण्णांनी घड्याळ घातले. अंगठी मुलाच्याच खिशात राहू दिली. निघताना ते काठी टेकीत मामांच्या खाटेपाशी गेले आणि हात जोडले. त्यांनी मान वर करून पाटी पुन्हा वाचली. वडिलांचे नाव, देणगीची रक्कम, साल. चूक त्या पाटीत नव्हती. ती रक्कम खरोखर पेढीची होती. पण आता ती वाचताना छाती फुगत नव्हती.

परतताना मिरवणुकीचे रस्ते मोकळे झाले होते. कमानी उतरविण्याचे काम चालू होते. गाडी सतारमेकर गल्लीच्या बाजूने निघाली. एकेकाळी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंबोरे व सतारी घडवायला सुरुवात केली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर येथील दर्ग्याच्या आवारातच विसावले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका दुकानापुढे वाळलेले मोठाले भोपळे रचून ठेवलेले होते. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतात. आतला गर आणि बिया काढून पोकळ झाल्यावरच ते वाद्याच्या कामी येतात.

अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायात मुक्त जीवासाठी भोपळ्याचा दृष्टांत आहे. मातीचे लेप दिलेला भोपळा पाण्यात तळाशी बुडतो. लेप धुऊन गेले, की तो आपोआप वर येतो. वर येणे हा त्याचा स्वभावच आहे. चतुर्दशीलाच, पर्वाच्या अखेरच्या दिवशी, हा अध्याय त्यांनी मंदिरात ऐकला होता. तेव्हा तो सिद्धशिलेविषयी वाटला होता. आता वाटले, लेप फार लांबचे नसतात. एखादा चाळीस रुपयांचाही असतो, आणि तो पन्नास आठवडे चढत राहतो.

“जुन्या वह्या माळ्यावर आहेत ना अजून?” त्यांनी मुलाला विचारले.

“आहेत. पण अण्णा, डॉक्टरांनी पंधरा दिवस वजन उचलायचे नाही असे सांगितले आहे.”

“मी उचलणार नाही. तू काढ. त्या दोन महिन्यांची बुडालेली मजुरी, दवाखान्याचा खर्च, कापलेले दोन हजार आणि आजवरचे व्याज, असे सगळे मांडू. मामा घरी आले की वही घेऊन त्यांच्याकडे जाऊ. हिशेब त्यांनी तपासायचा.”

“कोणत्या खात्यात लिहायचे?” मुलाने विचारले. तो व्यापाऱ्याचा मुलगा होता. प्रश्न योग्यच होता.

“धर्मादायात नको,” अण्णा म्हणाले. “देणे खात्यात लिही.”

गाडी वॉन्लेसवाडी मागे टाकून विश्रामबागेकडे निघाली. पोटावरचे टाके दुखत होते. ते दुखणे अण्णांनी या वेळी निमूटपणे पत्करले.